गोट्यांचा खण: कारेलीबागेतल्या एका गॅरेजचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा माझ्या भाच्याच्या गॅरेजात ते कमरेपर्यंत होतं. गॅरेज कारेलीबागेत, नदीच्या बाजूच्या गल्लीत. पाणी ओसरल्यावर त्याचा फोन आला, "मामा, गाड्यांचं मी बघतो. तुम्ही फक्त ट्रॉली बघा. मला तिच्याकडे बघवत नाहीये."

ट्रॉली म्हणजे अवजारांची सात खणांची, चाकांवरची लोखंडी पेटी. वरचे दोन खण वाचले होते, बाकीच्यांत गाळ. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूल स्टोअर सांभाळण्यात उभी नोकरी काढली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. वाटलं होतं, धुवायचं, पुसायचं, तेल लावायचं आणि परत भरून द्यायचं. दोन दिवसांचं काम. ते पुढे चार महिने चाललं, आणि त्याचं कारण पूर नव्हता.

जुना फ्लेक्स अंगणात पसरला आणि सगळे खण त्यावर उपडे केले. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर बाजूला काढून फक्त गोट्या मोजल्या. बाहेरच्यांसाठी सांगतो: सॉकेटला, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर चढवायच्या लोखंडी टोपीला, आमच्याकडे कारीगर गोटीच म्हणतात, मराठी असो की गुजराती. तिचा नंबर म्हणजे तोंडाचं माप, मिलिमीटरमध्ये. एकशे अठरा गोट्या निघाल्या. तीन कारीगरांच्या गॅरेजला ही संख्या भरपूर झाली. पण त्यात दहा नंबरच्या फक्त दोन, आणि त्यातल्या एकीला तडा. बाराच्या तीन. उलट अठरा, वीस, तेवीस, पंचवीस, सव्वीस असल्या नंबरांचा ढीग, आणि गाळ पुसल्यावर आतून कोरा क्रोम, कधी बोल्टवर चढलेल्याच नव्हत्या.

भाचा म्हणाला, "दहाची हरवली की मी सेट घेतो, मामा. सुटी गोटी आणायला जाईपर्यंत गाडी उभी राहते, आणि दुकानात सुटी मिळेलच असं नाही."

म्हणजे एक दहा हरवली की तिच्याबरोबर नको असलेल्या पंधरा गोट्या घरात येत होत्या, आणि त्या पंधरांच्या गर्दीत पुढची दहा हरवत होती. दहाच हरवते याचं कारणही साधं आहे. ६ मिलिमीटर आट्याच्या बोल्टचं डोकं दहाचं असतं, आणि गाडीत तो बोल्ट जागोजागी आहे: बॅटरीच्या पट्टीवर, एअर फिल्टरच्या खोक्यावर, कव्हरांवर, अर्थिंगच्या वायरींवर. जी गोटी दिवसात सगळ्यात जास्त वेळा हातात येते, तीच सगळ्यात जास्त वेळा कुठेतरी ठेवली जाते.

पुराआधीची एक गोष्ट भाच्याने त्या दिवशी सांगितली. ती त्याला अजून बोचत होती. एका गिऱ्हाइकाची गाडी सर्व्हिस होऊन गेली आणि चार दिवसांनी परत आली. वळण घेताना खालून खडखड. भरूचला जाऊन आल्यावर तर बायको गाडीत बसायला तयार नव्हती. जॅकवर घेऊन इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर सोडलं, तर त्यात बारा नंबरची गोटी, गॅरेजचीच. प्लॅस्टिकवर पडली म्हणून निभावलं. तीच बेल्टपाशी अडकली असती तर काय झालं असतं, ते गॅरेजवाल्याला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक भला माणूस, काही बोलला नाही. पण भाचा म्हणाला, "चार दिवस ती गोटी इथे नव्हती, आणि आम्हा तिघांपैकी कुणाला पत्ता नव्हता."

हे वाक्य मी धरून ठेवलं. गोटी पडते, ते चालायचंच. हातातून वस्तू पडणारच. पण पडलेली चार दिवस कळत नाही, हा खणाचा दोष आहे. खण नीटनेटका दिसतो की नाही याच्याशी मला तेव्हाही कर्तव्य नव्हतं, आजही नाही. खणाने एकच काम करायला हवं: काय नाही, ते उघडताक्षणी सांगायचं. माझे आजोबा कलाभवनात फिटरकाम शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था. आजोबांच्या कानशींच्या पेटीत प्रत्येक कानशीच्या आकाराची खाच कोरलेली होती. पेटी बंद करण्यापूर्वी ते फक्त खाचा बघत, कानशी बघतच नसत. लहानपणी ते मला विचित्र वाटे.

आधी छाटणी. गोट्या स्वच्छ पाण्याने धुतल्या, मग रॉकेलमध्ये ब्रशने घासल्या, उन्हात वाळवल्या, तेलाच्या फडक्याने पुसल्या. रॅचेट, म्हणजे गोटी लावून फिरवायचा दांडा, उघडून आतलं चिखलाचं ग्रीस काढलं. मग चौकानुसार वाटण्या केल्या. गोटीच्या मागचा चौक, ज्यात रॅचेट बसतो, तो अजूनही इंचांत चालतो, गोटीचं तोंड मिलिमीटरमध्ये असलं तरी. आमच्या बोलीत तो सुतांत मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणून पाव इंची ती दोन सूत, अर्धा इंची ती चार सूत, आणि मधली तीन सूत. पूर्वी या ट्रॉलीत सगळे रॅचेट एका खणात आणि सगळ्या गोट्या दुसऱ्या खणात होत्या. कामाला दोन्ही लागतात, म्हणून दोन भरलेले खण एकदम उघडायचे, आणि ट्रॉली पुढे झुकायची. ते पहिल्याच दिवशी मोडलं. तीन सुताचं रॅचेट, एक्स्टेन्शन (लांबी वाढवायचा दांडा), युनिव्हर्सल (वाकणारा सांधा) आणि गोट्या, सगळं एका खणात. चार सुताचं त्याच्या खालच्या खणात, कारण ते जड. दोन सुताचं इतकं थोडं होतं की वरच्या खणाच्या एका कोपऱ्यात मावलं.

इम्पॅक्ट गनच्या, म्हणजे ठोके देत बोल्ट सोडवणाऱ्या यंत्राच्या, काळ्या गोट्या मात्र गनबरोबर, सगळ्यात खाली. हा नियम मी कुणाला विचारून केला नाही. चकाकत्या क्रोमच्या गोट्या पातळ आणि कडक असतात, गनच्या ठोक्यांनी त्या तडकू शकतात आणि तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो. काळ्या गोट्या जाड भिंतीच्या, ठोका सोसणाऱ्या. तडा गेलेली ती दहा अशीच गेली असणार, असा माझा अंदाज आहे.

आता खरा वाद. तीन सुताच्या खणात कुठल्या गोट्या ठेवायच्या आणि कशा ओळीने?

भाच्याची कल्पना होती दोन रांगांची, एक मारुतीची आणि एक टाटा-महिंद्राची. कल्पना अगदीच चुकीची नव्हती. ८ मिलिमीटर आट्याच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीच्या गाड्यांत, म्हणजे मारुतीत, बाराचं असतं, युरोपी पद्धतीच्या गाड्यांत तेराचं. बाराच्या डोक्यावर तेराची गोटी चढते. चढते हाच घोटाळा आहे. हाताला वाटतं बसली, जोर लावला की ती फिरते आणि बोल्टचे कोपरे खाते. मग दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागतो. १० मिलिमीटरच्या बोल्टचंही तसंच: जपानी गाड्यांत चौदा, इतरांत सोळा किंवा जुन्या पद्धतीचं सतरा. पण दोन रांगा केल्या तर दहा, सतरा आणि एकोणीस दोन्हीकडे लागतील, म्हणजे परत दुप्पट गोट्या आणि परत तीच गर्दी.

गॅरेजातले मोठे मिस्त्री गुजराती. भाचा त्यांना काका म्हणतो, मीही आता म्हणतो, वयाने माझ्याएवढेच असले तरी. त्यांनी दोन रांगांना साफ नकार दिला. "हाथ एक ज लाइन समजे, भाई. बे लाइन होय तो आंखे जोवुं पडे." हाताला एकच रांग कळते; दोन असल्या की डोळ्याने बघावं लागतं. आणि गाडीखाली आडवा पडलेला माणूस डोळ्याने बघत नाही. तो हात पसरून म्हणतो "बार आप", बारा दे, आणि देणारा मुलगा न बघता देतो. हे मी स्वतः तासभर उभं राहून पाहिलं, आणि मिस्त्री बरोबर होते.

उत्तर मला घरी पेटीवर सापडलं. गाण्याची पेटी, आमच्या घरात रोज उघडते. पांढऱ्या पट्ट्यांची एक रांग, काळ्या त्यांच्या मधेमधे, थोड्या मागे. रांग एकच आहे, पण बोट काळी आणि पांढरी चुकत नाही. तसंच केलं. पुढच्या ओळीत दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. त्यांच्या मागे, दोन-दोन पुढच्यांच्या फटीसमोर, तेरा, पंधरा, सोळा आणि अठरा. आठ डाव्या टोकाला, एकवीस उजव्या. संख्या चढती, रांग एकच, पण बाराच्या शेजारी तेरा नाही; ती तिरकी, मागे. बारा घ्यायला गेलेला हात तेरावर पडायचा असेल तर त्याला मुद्दाम पुढच्या गोट्यांवरून मागे जावं लागतं. अकरा काढून टाकली, या गॅरेजात तिला काम नव्हतं. स्पार्क प्लगच्या लांब गोट्या, जुन्या प्लगची एकवीस आणि नव्या बऱ्याच गाड्यांची सोळा, वेगळ्या आडव्या ठेवल्या.

आकडे इंग्रजी लिहिले, गोटीवर कोरलेले असतात तेच. अक्षरात लिहायचा विचारही केला नाही, कारण मिस्त्री सतराला "सत्तर" म्हणतात. गुजरातीत ते बरोबर आहे, आणि माझा कान इतकी वर्षं बडोद्यात राहूनही एक क्षण सत्तरवर अडकतोच.

आता बांधणी. इथे माझी चूक झाली, ती सांगायलाच हवी. आधी खणाची आतली उंची मोजली, ती ५० मिलिमीटर. चार सुताची आखूड गोटी उभी साधारण ३८, म्हणजे उभी मावते. लांब गोटी ८०च्या आसपास, ती उभी शक्यच नाही. हे मापन आधी केलं म्हणून वाचलो. फोम नको हे आधीपासून ठरवलं होतं. कापलेला फोम नवा असताना सुंदर दिसतो, पण डिझेल आणि तेलाच्या हातांनी तो फुगतो, आणि गोटी बदलली की खाच बदलत नाही. चुंबकाची पट्टीही नको, ब्रेकच्या कामातला लोखंडी कीस तिच्यावर साचतो आणि गोटीबरोबर बोल्टवर जातो. म्हणून १२ मिलिमीटरच्या प्लायच्या पाटीला होल-सॉने, म्हणजे गोल करवतीने, भोकं पाडली, खाली पातळ पत्रा लावला, आणि प्लायला दोन हात ऑइल पेंट दिला. प्रत्येक भोक गोटीच्या बाहेरच्या मापापेक्षा एक मिलिमीटर मोठं. त्याहून सैल केलं तर गोटी कलते.

गोट्या तोंड खाली, चौक वर. त्यामुळे रॅचेट थेट वरून दाबला की गोटी उचलून येते, बोटं लावायलाच नकोत. तोंडात धूळही बसत नाही.

लहान नंबरांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागली. चार सुताच्या दहापासून चौदापर्यंतच्या गोट्यांचं बाहेरचं माप जवळजवळ एकच असतं, साधारण २२ मिलिमीटर, कारण भिंत मागच्या चौकामुळे ठरते, पुढच्या तोंडामुळे नाही. म्हणजे बाराच्या भोकात चौदा खुशाल बसते. तीन सुतातही लहान नंबरांचं तेच. भोक एकटं राखण करू शकत नाही. आकडा भोकाच्या बाजूलाच, ठळक हवा. हे मला आधीच कळलं. पण पुढचं कळलं नाही.

पाटी तयार झाली, खणात बसवली, सगळे खूश. आठवड्याने गेलो. खण उघडला, वरून बघितला, सगळं जागेवर. मिस्त्री गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "चौद क्यां छे?" चौदा नव्हती. मी दोन फुटांवरून, चांगल्या उजेडात बघत होतो आणि मला दिसली नव्हती. कारण गोटीचा चौक वरून काळं भोक दिसतो, आणि रिकामी जागाही काळं भोक दिसते. अकरा काळ्या भोकांत एक थोडं मोठं काळं भोक कोण ओळखणार? चार महिन्यांतले पहिले पाच आठवडे मी जे बांधत होतो, ते ज्या एका कामासाठी बांधत होतो तेच करत नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही.

उपाय तासाभराचा होता. पाटी काढली, खालच्या पत्र्याला पिवळा रंग दिला, रस्त्याच्या पट्ट्यांना मारतात तसला भडक, आणि वाळल्यावर परत बसवली. आता गोटी जागेवर असेल तर चौकातून एक पिवळा ठिपका दिसतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा. गोटी नसेल तर रुपयाएवढी पिवळी चकती. गॅरेजच्या दारातून खण उघडा दिसला तरी चकती दिसते. मी मिस्त्रींना चारदा गोटी लपवायला लावली, चारही वेळा गाडीच्या पलीकडून सांगितलं कुठली नाही.

मग प्रश्न आला बाहेर गेलेल्या गोट्यांचा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीकडे आयटीआयचा मुलगा स्कूटरवर जातो, दहा-बारा-सतरा खिशात टाकतो, आणि त्या दोन दिवस येत नाहीत. खण ओरडत राहतो, ओरडण्याची सवय होते, आणि मग कुणी बघत नाही. आमच्या कारखान्यात यावर पितळी टोकन होतं: कामगार अवजार नेताना आपल्या नंबराचा बिल्ला त्या जागेवर टांगायचा. मी तेच सुचवलं. त्या मुलाने त्याच्याहून सोपं केलं. थंड पेयाच्या बाटल्यांची लाल झाकणं जमवली, नेलेल्या गोटीच्या भोकावर एक झाकण ठेवतो. पिवळी चकती म्हणजे हरवली, लाल म्हणजे ठाऊक आहे. बिल्ले करण्याचा माझा बेत मी तिथेच सोडला. बाहेरच्या कामासाठी भाच्याने वेगळी कॅनव्हासची पिशवीही शिवून घेतली, त्यात फक्त पाच गोट्या आणि चाकाचा पाना; छाटणीत बाजूला काढलेल्या जास्तीच्या त्यासाठी पुरल्या.

जॉब कार्डावर आता एक ओळ आहे: "खण बघितला". किल्ली गिऱ्हाइकाला देण्याआधी कुणीतरी एकाने सही करायची. डिसेंबरात मी तिथे बसलेलो असताना एका गाडीचं सगळं झालं होतं, मालक दारात उभा, आणि मुलगा खण उघडून म्हणाला, "तेर नथी." लाल झाकण नाही, सरळ पिवळी. मालकाला चहा दिला, बॉनेट परत उघडलं. एअर फिल्टरच्या खोक्यामागे, वायरींच्या गुच्छावर तेरा पडली होती. मिस्त्रींनी ती पुसली, भोकात ठेवली, सही केली, मग किल्ली दिली. मालकाला का थांबवलं ते भाच्याने खरं सांगितलं. मला ते आवडलं.

सगळं सुटलेलं नाही. मिस्त्रींच्या बाराकोनी गोट्यांवर आमचं अजून जमलेलं नाही. सहाकोनी गोटी बोल्टच्या सपाट बाजू धरते, गंजलेल्या बोल्टवर तीच हवी. आणि पुरानंतर या शहरात गंजलेल्या बोल्टांना तोटा नाही. मिस्त्री म्हणतात, अडचणीच्या जागी बाराकोनी ३० अंशांत बसते, सहाकोनीला ६० फिरवावी लागते, आणि त्यांच्या खांद्याला तेवढं वळणं आता जमत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा बाराकोनी गोट्यांचा पत्र्याचा डबा त्यांच्या स्वतःच्या कपाटात राहतो, पाटीवर येत नाही, आणि संध्याकाळी ते तो स्वतः मोजतात.

लांब गोट्यांचा खण अजून तसाच आहे. त्या आडव्या पडतात, खण ओढला की घरंगळतात आणि नंबर खाली जातो. प्लायमध्ये अर्धगोल चर करून त्यांना एकाच बाजूला तोंड करून निजवावं, आणि चराच्या तळाशी तोच पिवळा रंग द्यावा, असं मनात आहे. मापं घेऊन ठेवली आहेत. सुताराचा होल-सॉ रविवारी मोकळा होतो.